'द ऑफुल ट्रूथ'चे मराठी ध्वनिवर्णन : प्रकल्प नोंदी

४ जून

आमच्या ध्वनिमुद्रण गटाच्या दृष्टिहीन श्रोत्यांसाठी जुन्या हॉलिवूडमधील एका विनोदी चित्रपटाचे मराठी ध्वनिवर्णन तयार करायचे, असे आजच्या बैठकीत ठरले. श्रोत्यांमध्ये महाविद्यालयीन विद्यार्थी आहेत, शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेली मंडळीही आहेत. इंग्रजी संवाद त्यांना व्यवस्थित कळतात, त्यामुळे मूळ आवाज तसाच ठेवून संवादांच्या मधल्या मोकळ्या जागांत मराठी वर्णन बसवायचे आहे. घटस्फोट घेऊनही एकमेकांपासून सुटू न शकलेल्या जोडप्याची गोष्ट हवी, ही मागणी श्रोत्यांचीच होती.

असे तीन चित्रपट समोर होते. जॉर्ज क्युकर यांचा 'द फिलाडेल्फिया स्टोरी' आणि हॉवर्ड हॉक्स यांचा 'हिज गर्ल फ्रायडे' हे दोन्ही १९४० चे, आणि लिओ मॅकॅरी यांचा 'द ऑफुल ट्रूथ' १९३७ चा. तिन्हींचा नायक कॅरी ग्रँट. 'हिज गर्ल फ्रायडे'मध्ये पात्रे एकमेकांचे वाक्य पुरे होऊ देत नाहीत, त्यामुळे वर्णनाला शिरायला फटच मिळत नाही, आणि तो चित्रपट नुसत्या कानांनीही बराचसा कळतो. मॅकॅरींच्या चित्रपटाचे तसे नाही. त्यात नवराबायको जे बोलतात त्यातले बरेचसे खोटे असते आणि खरे काय ते नजरेतून, एखाद्या टोपीतून, न लागणाऱ्या दारातून कळते. ज्याला ते दिसत नाही त्याच्या वाट्याला फक्त खोटे येते. ध्वनिवर्णनाची खरी गरज याच चित्रपटाला आहे, हे माझे म्हणणे सर्वांना पटले.

कायद्याची बाजूही पाहून घेतली. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये भर घालून, अपंग व्यक्तींना वापरता येईल अशा स्वरूपात एखादी कृती विनानफा उपलब्ध करून देण्यास मुभा दिलेली आहे. हा ट्रॅक श्रोत्यांपुरताच राहील आणि त्याचे शुल्क घेतले जाणार नाही, हे इतिवृत्तात लिहून ठेवले.

७ जून

चित्रपटाआधी वाजवायच्या छोट्या प्रास्ताविकाचा मसुदा केला. पात्रे कशी दिसतात, घरे कशी आहेत, हे आधीच सांगून टाकले की मुख्य वर्णनातील जागा वाचते.

मूळ नाटक आर्थर रिचमन यांचे, १९२२ सालचे. त्यावर १९२५ आणि १९२९ मध्ये चित्रपट येऊन गेले होते. पटकथेचे श्रेय व्हिन्या डेलमार यांच्याकडे आहे. तथापि मॅकॅरी सेटवर येऊन, पियानोवर बसून, प्रसंग तिथल्या तिथे रचत असत, हे त्या चित्रीकरणाबद्दल सर्वत्र सांगितले जाते. हातात पक्की संहिता नसल्याने कॅरी ग्रँट इतका अस्वस्थ झाला की त्याने कोलंबिया स्टुडिओचे प्रमुख हॅरी कोन यांच्याकडे चित्रपटातून मोकळे करण्याची विनंती केली होती. राल्फ बेलामीला एके दिवशी गाता येते का असे विचारले गेले आणि त्याने नाही म्हणताच, नायिका आयरीन डनला पियानोवर बसवून त्याच्याकडून 'होम ऑन द रेंज' गाऊन घेतले गेले. तो बेसूर आज चित्रपटात जसाच्या तसा आहे आणि बेलामीने केलेल्या डॅन लीसन या, नायिकेशी लग्न करू पाहणाऱ्या भाबड्या ओक्लाहोमाकराचा सगळा स्वभाव त्यात आला आहे.

यातले किती प्रास्ताविकात घ्यायचे याचा विचार करताना एकच गोष्ट महत्त्वाची वाटली. मॅकॅरी यांनी मूकपटांच्या काळात हॅल रोच यांच्या स्टुडिओत लॉरेल आणि हार्डी या जोडीचे काम आकाराला आणले होते. शब्दाविना हसवायचे, हसण्याला वेळ द्यायचा आणि एकाच वस्तूतून विनोद पुन्हा पुन्हा काढायचा, हे त्यांनी तिथे कमावले आणि बोलपटात वापरले. म्हणूनच या चित्रपटात आम्हाला हव्या तशा जागा आहेत. एवढे प्रास्ताविकात घेतले. ग्रँटच्या तक्रारीचा किस्सा श्रवणानंतरच्या चर्चेसाठी ठेवला.

१२ जून

सुरुवातीच्या प्रसंगाचे काम पूर्ण झाले. जेरी वॉरिनर (ग्रँट) फ्लोरिडाला गेलो होतो असे बायकोला, ल्यूसीला (डन), सांगणार आहे. प्रत्यक्षात तो न्यूयॉर्कमध्येच होता, म्हणून क्लबात दिव्याखाली बसून कातडी रापवून घेतो. घरी येतो तर ल्यूसीच घरात नाही. ती सकाळी परतते ती संध्याकाळच्या पोशाखात, गाणे शिकवणाऱ्या आर्मां दुव्हालबरोबर; वाटेत गाडी बंद पडली, असे ती सांगते. जेरीने भेट म्हणून आणलेल्या टोपलीतले एक संत्रे ल्यूसी हातात घेते, निरखते आणि त्याच्याकडे फेकते. संत्र्यावर शिक्का असतो कॅलिफोर्नियाचा.

हा शिक्का वर्णनात केव्हा सांगायचा यावर आमची बरीच चर्चा झाली. संत्रे ल्यूसीच्या हातात असताना सांगितला तर तिला कळले तेव्हाच श्रोत्यालाही कळते. संत्रे जेरीच्या हातात पडल्यावर सांगितला तर श्रोता जेरीबरोबर पकडला जातो. मी पहिला पर्याय घेतला. या लग्नात ल्यूसी नवऱ्याच्या अर्धे पाऊल पुढे असते आणि पुढचा दीड तास ती तशीच राहणार आहे, तेव्हा श्रोत्याला तिच्या बाजूला बसवणे योग्य. वाक्य असे ठरले : 'ल्यूसी संत्रे फिरवून पाहते. त्यावर शिक्का : कॅलिफोर्निया.' त्यानंतर शांतता, मग झेल.

१५ जून

कोर्टाचा प्रसंग छोटा आहे. मिस्टर स्मिथ हा त्यांचा कुत्रा कोणाकडे राहायचा हे त्यानेच ठरवावे म्हणून न्यायाधीश दोघांना हाका मारायला सांगतात आणि ल्यूसी दडवून आणलेले खेळणे मिस्टर स्मिथला हळूच दाखवते. खेळणे दिसले नाही तर कुत्र्याने तिला प्रेमाने निवडले असे वाटेल, म्हणून ते वाक्य सोडून चालणार नाही.

एका विद्यार्थिनीने नव्वद दिवसांचा हिशेब विचारला. चित्रपटात कोर्ट आधी अंतरिम हुकूम देते आणि तो नव्वद दिवसांनी कायम होतो, म्हणजे तोवर दोघे कायद्याने नवराबायकोच असतात. त्या काळी न्यूयॉर्क राज्यात व्यभिचार हे घटस्फोटाचे एकमेव कारण होते आणि १९६६ साली कायदा बदलेपर्यंत ते तसेच राहिले, म्हणूनच या कथेत एकमेकांवरच्या संशयाला इतके वजन आहे. आपल्याकडे १९३७ साली मुंबई प्रांतात, काडीमोडीची रूढी असलेल्या जाती सोडल्या तर, हिंदू जोडप्याला कोर्टाकडून घटस्फोट मिळण्याची सोयच नव्हती. तशी सोय देणारा कायदा १९४७ चा. परस्पर संमतीचा घटस्फोट हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आला आणि त्यात सहा महिने थांबण्याची अट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ती योग्य प्रकरणी शिथिल करता येईल असे म्हटले. ती म्हणाली, "म्हणजे चित्रपट त्या थांबण्याच्या काळातच घडतो." नेमके तसेच आहे. नव्वद दिवसांचा उल्लेख मूळ संवादात येतो, त्यामुळे वर्णनात तो पुन्हा सांगणार नाही. मात्र त्या क्षणी आमचा आवाज अजिबात नसेल याची काळजी घेतली आहे.

२१ जून

रात्रीच्या क्लबाचा प्रसंग. डिक्सी बेल ली गाते आणि गाण्यात वाऱ्याचा उल्लेख आला की जमिनीतून हवेचा झोत येऊन तिचा झगा वर उडतो. गाणे चालू असताना बोलू नये हा आमचा नियम आहे. येथे तो शिथिल केला, कारण पुढे श्रीमंत व्हान्स कुटुंबाच्या दिवाणखान्यात ल्यूसी हेच गाणे झोताशिवाय करून दाखवते. पहिला झोत श्रोत्याच्या मनात नीट रुजला नाही तर तेथे ती नुसतीच विचित्र गाणारी बाई वाटेल.

त्यानंतर डॅन आणि ल्यूसीचा नाच. डॅन हातपाय झाडत नाचतो, ल्यूसी कशीबशी सोबत करते आणि जेरी खुर्ची नाचाच्या जागेकडे वळवून, आरामात बसून बघतो. नाच संपल्यावर वादकांच्या प्रमुखाला पैसे देऊन तो तीच धून पुन्हा वाजवायला लावतो. संगीत पुन्हा सुरू झालेले ऐकू येतेच. ते कोणी सुरू करवले एवढेच सांगायचे.

२८ जून

या आठवड्याचा सगळा वेळ दारामागच्या पेन्सिलीवर गेला आणि तो द्यायलाच हवा होता.

प्रसंग असा आहे. जेरी ल्यूसीकडे आलेला असताना समोरच्या घरातून डॅन येतो. ल्यूसी दार अर्धे उघडून उंबऱ्यात उभी राहते, जेरी त्याच दाराआड. डॅनने तिच्यासाठी कविता केली आहे आणि ती तो वाचून दाखवू लागतो. जेरी दारामागून पेन्सिलीने ल्यूसीला गुदगुल्या करतो. ती हसते, हसू दाबते, पुन्हा हसते, आणि डॅनला वाटते की आपली कविता तिला आवडते आहे.

वर्णनाशिवाय हा भाग ऐकून पाहावा म्हणून मी पडद्याकडे पाठ करून बसले. कविता ऐकू येते, बाईचे हसणे ऐकू येते आणि हसण्याचे कारण कळत नाही. दृष्टिहीन श्रोता ध्वनिवर्णनाविना अगदी डॅनच्या जागी उभा असतो. या चित्रपटात डॅन हा दाराच्या चुकीच्या बाजूला उभा असलेला माणूस आहे. आपल्या श्रोत्याला तेथे उभे करून ठेवणे हा त्याच्यावर अन्याय ठरेल. यापुढे प्रत्येक प्रसंगात मी हाच प्रश्न विचारणार आहे की ही जागा डॅनची आहे की जेरीची.

अडचण वेळेची होती. कविता सलग चालते आणि ती झाकली तर विनोदाचा अर्धा भाग जातो. शेवटी सगळे सांगणे डॅनने कागद उघडण्याआधी आणले : 'जेरी दाराआड. डॅनला दिसत नाही. जेरीच्या हातात पेन्सिल.' कविता सुरू झाल्यावर पहिल्या ओळीनंतर फक्त एक शब्द, 'टोचतो', आणि त्यानंतर शेवटपर्यंत काही नाही. आमचे ज्येष्ठ श्रोते, जे प्रत्येक मसुदा तपासतात, त्यांना हे ऐकवले. ल्यूसीचे दुसरे हसणे आले तेव्हा तेही हसले आणि म्हणाले, "ताई, आता एक शब्दही वाढवू नका. पेन्सिल आता आमच्याच हातात आहे."

४ जुलै

टोप्यांचा प्रसंग. आर्मां ल्यूसीला भेटायला आलेला असतो. जेरी येतो म्हणून ती आर्मांला झोपण्याच्या खोलीत लपवते. आर्मांची टोपी बाहेरच राहते आणि मिस्टर स्मिथला लपवलेली वस्तू शोधून आणण्याचा खेळ ठाऊक असल्यामुळे ल्यूसी टोपी दडवत राहते आणि कुत्रा ती पुन्हा पुन्हा बाहेर काढतो. जेरी निघताना तीच टोपी डोक्यावर ठेवतो. ती त्याच्या कानांपर्यंत खाली येते. तो आरशासमोर उभा राहून ती मागे सारतो, पुढे ओढतो आणि काहीतरी बिनसले आहे एवढेच त्याला उमगते.

येथे बोलायला जागा पुष्कळ आहे आणि त्यातच खरी कसोटी आहे. जागा मोकळी दिसली की ती भरावीशी वाटते. 'जेरी गोंधळतो', 'ल्यूसी घाबरते' अशी वाक्ये सुचत राहतात, पण ती वर्णने नाहीत, आम्ही परस्पर काढलेले निष्कर्ष आहेत. श्रोत्याला टोपी कानांवर आलेली सांगितली की गोंधळ त्याचा तो ओळखतो आणि ओळखण्यातच हसू आहे. कॅरी ग्रँटच्या हालचाली इतक्या स्वच्छ आहेत की क्रियापदे नेमकी असली की पुरे होते : ठेवतो, थांबतो, आरशाकडे वळतो, मागे सारतो. प्रत्येक क्रियेनंतर श्वासभर थांबायचे, कारण तो स्वतः थांबतो. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाने हा भाग चित्र पाहत, हेडफोन लावून वाचायला सांगितले. कागदावरून वाचलेला आवाज ग्रँटच्या पुढे धावत होता.

पुढे डॅन आणि त्याची आई येतात, तेव्हा जेरीही लपायला त्याच खोलीत शिरतो आणि आत मारामारी जुंपते. तेथे डोळस प्रेक्षकालाही खोलीतले काही दिसत नाही. तोही दिवाणखान्यातल्या मंडळींबरोबर आवाजच ऐकतो. त्यामुळे त्या भागात वर्णन ठेवलेले नाही, फक्त आर्मां आणि जेरी बाहेर धावत सुटतात तेव्हा एक वाक्य आहे. सगळा श्रोतृवर्ग तेवढ्यापुरता एका पातळीवर येतो, याचा मला मनापासून आनंद झाला.

९ जुलै

गाण्याच्या मैफलीचा प्रसंग कथाक्रमाने टोप्यांच्या आधी येतो, पण त्याचे काम मागे ठेवले होते. आर्मां आणि ल्यूसी यांना रंगेहाथ पकडायच्या इराद्याने जेरी आर्मांच्या घरात घुसतो आणि दार उघडल्यावर त्याला दिसते ती ओळीने बसलेली श्रोतेमंडळी. ल्यूसी पियानोजवळ उभी राहून गात असते. तो मागच्या बाजूला बसतो, खुर्ची मागे कलते आणि तो टेबलासकट कोसळतो. ल्यूसी गाणे थांबवत नाही. शेवटच्या सुरांतच तिचे हसू मिसळते.

आयरीन डन स्वतः उत्तम गायिका होती, म्हणूनच हे हसणे सुरात बसते. या प्रसंगात आम्ही दोनच वाक्ये ठेवली. दार उघडल्यावर 'समोर ओळीने बसलेले पाहुणे' आणि पडण्याआधी 'जेरी खुर्ची मागे कलवतो'. कोसळण्याचा आवाज आणि गाण्याचा शेवट यांच्यावर वर्णनाचा आवाज पडता कामा नये. ल्यूसीला हा नवरा अजून हवा आहे, हे त्या हसऱ्या सुरात पूर्णपणे ऐकू येते. तिच्या नजरेबद्दलचे एक वाक्य मसुद्यात होते. ते सर्वांच्या संमतीने काढले.

१६ जुलै

व्हान्स कुटुंबाच्या घरातील प्रसंग वेगाने झाला. जेरीचे लग्न बार्बरा व्हान्सशी ठरते आहे आणि ल्यूसी त्याची बहीण असल्याचे सांगत तेथे पोहोचते. डिक्सी बेलचे गाणे आल्यावर क्लबातला झोत श्रोत्यांना आठवतो की नाही हे तपासले, सगळ्यांना आठवला. जेरीचा चेहरा मात्र सांगायलाच हवा होता : तो आधी ताठ बसतो, मग ओठांच्या कोपऱ्यांत हसू येते. त्यानंतरचा गाडीचा आणि पोलिसांच्या मोटारसायकलींचा भाग आवाजांनी इतका भरलेला आहे की तेथे वर्णन कमीत कमी ठेवले.

२३ जुलै

शेवटचा प्रसंग कनेटिकटमधल्या घरात. मध्यरात्री हुकूम कायम होणार आहे. शेजारशेजारच्या दोन खोल्या, मधले दार वाऱ्याने सारखे उघडते. भिंतीवरच्या घड्याळात एक मुलगा आणि एक मुलगी आहेत. दर पंधरा मिनिटांनी ते आपापल्या दारातून बाहेर येतात आणि आपापल्या दारातून आत जातात.

हॉलिवूडची नीतिसंहिता १९३४ पासून कडकपणे राबवली जात होती आणि शयनगृहात काय दाखवायचे यावर बंधने होती. मॅकॅरींनी ते बंधन घड्याळावर सोपवले : शेवटच्या वेळी मुलगा स्वतःच्या दाराकडे न जाता वळतो आणि मुलीच्या मागोमाग तिच्या दारातून आत जातो. तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल यांनी अशा चित्रपटांना पुनर्विवाहाच्या विनोदिका म्हटले, आणि येथे लग्न पुन्हा लागते ते ना पुरोहितासमोर ना न्यायाधीशासमोर.

वर्णनाच्या दृष्टीने यात एक धोका आहे. घड्याळाची पहिली फेरी पुरेशा तपशिलाने सांगितली नाही तर शेवटच्या फेरीत बदल काय झाला ते कळणार नाही आणि जास्त सांगितली तर शेवट आधीच फुटेल. म्हणून पहिल्या फेरीत 'दोन दारे, दोघे आपापल्या दारातून आत' असे वाक्य ठेवले आणि मधल्या फेरीत तेच वाक्य आणखी लहान केले, म्हणजे कानाला त्याची सवय होते. शेवटच्या फेरीचे वाक्य हालचालीच्या आधी नव्हे, तर मुलगा दाराच्या आत गेल्यानंतर लगेच येते. डोळस प्रेक्षकाचे हसू ज्या क्षणी फुटते, त्याच क्षणी श्रोत्याचेही फुटावे, यासाठी ही धडपड आहे.

३० जुलै

पूर्ण ट्रॅकचे पहिले सामूहिक श्रवण झाले. पेन्सिल, टोपी, मैफल आणि घड्याळ येथे हशा पडला. चर्चेत डॅनबद्दल एका श्रोत्याने सहानुभूती दाखवली. बेलामीला सहायक अभिनयासाठी आणि डनला प्रमुख भूमिकेसाठी ऑस्कर नामांकन मिळाले होते आणि दिग्दर्शनाचे पारितोषिक मॅकॅरींना मिळाले, हे तेव्हा सांगितले. आपल्याला ते चुकीच्या चित्रपटासाठी दिले गेले, असे मॅकॅरी म्हणाले होते. त्यांच्या मते ते त्याच वर्षीच्या 'मेक वे फॉर टुमारो'ला मिळायला हवे होते. त्या वृद्ध जोडप्याच्या चित्रपटाचेही ध्वनिवर्णन करावे, अशी मागणी लगेच पुढे आली.

दोन सुधारणा सुचवल्या गेल्या. नाचाच्या प्रसंगात जेरी नक्की कोठे बसला आहे ते उशिरा कळते, आणि कनेटिकटच्या घरात कोण कोणत्या खोलीत आहे याचा घोळ होतो. दुसरी सूचना महत्त्वाची आहे, कारण खोल्यांची मांडणी कळली नाही तर दाराचा विनोद उभाच राहत नाही.

६ ऑगस्ट

दोन्ही सुधारणा करून ट्रॅक पुन्हा मुद्रित केला. खोल्यांसाठी आता प्रसंगाच्या सुरुवातीलाच एक वाक्य आहे : 'डावीकडच्या खोलीत एक पलंग, उजवीकडच्या खोलीत एक पलंग, मध्ये लाकडी दार, दाराची खिट्टी लागत नाही.' मिक्सिंगमध्ये वर्णन सुरू असताना मूळ आवाज किंचित खाली येतो, पण मैफलीच्या आणि कवितेच्या जागी तो मुळीच खाली आणलेला नाही. प्रत श्रोत्यांच्या ग्रंथालयाकडे दिली. 'मेक वे फॉर टुमारो' पाहून त्यातील मोकळ्या जागांची यादी करण्याचे काम पुढच्या आठवड्यापासून घेतो आहोत. त्यात हसण्याच्या जागा कमी आणि गप्प बसण्याच्या जागा जास्त आहेत, म्हणून वाचणारा आवाजही बदलावा लागेल.